"फंड किती आला?"

सातपूरच्या कंपनीतून २०२४ साली ५८ पूर्ण करून बाहेर पडलो, तेव्हा भेटेल तो हेच विचारायचा. लागणार किती, हे कुणी विचारत नव्हतं. गेटसमोरच्या टपरीवर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: एक कोटी. का, तर ऐकायला बरं वाटतं म्हणून!

आमचा खरा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होता. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, वाण्याची उधारी, बायको सगळं त्यावर टिपते. जुनी कालनिर्णयंही माळ्यावर होती. ती काढून बसलो. महिन्याचा खर्च ३५ हजारांच्या आसपास निघाला. पण खिसा कापणारा खर्च महिन्याचा नसतोच. दाताची कॅप, भाचीच्या लग्नातला आहेर, सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, आणि कंपनीचा मेडिक्लेम बंद झाल्यावर दोघांचा नवा हप्ता. हे सगळं बारा महिन्यांत वाटलं, तर आकडा ४५ हजारांवर गेला.

जमेला ईपीएस-९५ ची पेन्शन, चार हजारांच्या आतबाहेर. तिचं गणितच असं की पगार १५ हजारांपर्यंतच धरायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. पुरी ३५ वर्षं भरली तरी साडेसात हजार. वर महागाई भत्ता नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांची मर्यादा आहे. निवृत्त झालेल्याला साठीआधीही, पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत, खातं उघडता येतं. तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं, म्हणजे तिमाहीला ६१,५०० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला साडेचोवीस हजार.

मी पंचाहत्तरीपर्यंतचं गणित मांडत होतो. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आणि तुमच्यामागे मला किती?"

नवऱ्यामागे बायकोला त्या पेन्शनच्या निम्मी. ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि सासूबाई नव्वदीतही स्वतः मेथी निवडतात! सहा टक्क्यांनी महागाई धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट. आजचे ४५ हजार ती ७६ची होईल तेव्हा १ लाख ८० हजार झालेले असतील. मेडिक्लेमचा हप्ता तर त्याहून वेगाने पळेल.

मग सगळं नव्याने मांडलं. ठेवींना तिचं नाव लागलं. उरलेल्या रकमेतला मोठा भाग म्युच्युअल फंडात, निदान दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. तोवरची तूट भरायला मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीचं अर्धवेळ काम धरलं. मुलाला पुण्यातल्या फ्लॅटसाठी दहा लाख द्यायचं ठरलं होतं, त्याचे पाच केले. काही दिवस तो फोनवर तुटक बोलला. आता त्याचा हप्ता सुरू झालाय, आणि बोलणंही.