स्टेअरिंगचा खेळ

२००४ साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. पांढरकवड्यात कापसाचा हंगाम सुरू झाला होता. जिनिंगसमोरच्या रांगेत अब्बांचा जुना टाटा ट्रकही असे, कर्ज काढून घेतलेला. हैदराबादचा महामार्ग, तेव्हाचा ७ आणि आताचा ४४ क्रमांकाचा, त्या वेळी दुपदरीच होता. पाटणबोरीजवळ समोरच्या गाडीला बाजू देताना भरलेला ट्रक असा हेलकावला, की क्लीनरने कलमा पढला. हे अम्मीला अब्बांनी नाही, क्लीनरने सांगितले.

"थोडा खेळ तो रहताच है," अब्बा म्हणाले. थोडा म्हणजे किती? स्टेअरिंग चार बोटे फिरवल्यावर कुठे पुढची चाके हलायला लागत.

मिस्त्रीचाचांनी मला स्टेअरिंगवर बसवले. मी ते डावी-उजवीकडे हलवत होते, ते खाली झोपून बघत होते. ड्रॅग लिंकचा गोळा ढिला, टाय रॉडचे दोन्ही एंड ढिले. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवले. किंगपिनचे बुशही गेलेले. अब्बांना वाटत होते, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला की भागेल.

"भाई, बॉक्स मध्ये जास्त झिजतो, कारण गाडी जास्त सरळच चालते," चाचा म्हणाले. "तिथं आवळाल तर वळणावर अडकेल." पॉवर स्टेअरिंग बसवा, असेही कुणी सुचवले. त्याने हात हलका होईल, पण झिजलेले सांधे झिजलेलेच राहतील, हेही चाचांनीच सांगितले.

अब्बा म्हणाले, निम्मे काम आत्ता, निम्मे उन्हाळ्यात. अम्मी काही बोलली नाही. माझ्या डी.एड.साठी डब्यात ठेवलेले पैसे तिने त्यांच्यासमोर आणून ठेवले. मला फार राग आला. नोकर ड्रायव्हरच्या घरात मालकाला तरी शिव्या देता येतात. इथे मालक आम्हीच होतो.

टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक, किंगपिन सगळे नवे पडले. बॉक्स खोलून आतले झिजलेले भाग बदलले, शेवटी पुढच्या चाकांचा टो-इन मिळवला. आणि पहिल्याच दिवशी गाडी नागमोडी चालली! अब्बा घाबरले. चाचा हसू लागले. गाडी सरळ झाली होती, पण अब्बांचे हात अजून ती चार बोटे आधी फिरवत होते. ती सवय जायला पंधरा दिवस लागले.

मग एका रविवारी त्यांनी मला रिकाम्या गाडीत वडकीपर्यंत नेले. करंजी मागे पडल्यावर म्हणाले, "देख बेटा, कैसी सीधी चल रही है।"

मी "हो" म्हटले. डी.एड.ला मी एक वर्ष उशिरा गेले. फीचे पैसे त्यांनी गाडीच्या भाड्यातूनच भरले, आणि पावती कितीतरी दिवस ट्रकच्या कागदांतच ठेवली होती.