आईच्या सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी संपल्या!

सध्या मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरा, गावातल्या मेडिकलवर जा आणि फार्मासिस्टला म्हणा, "जरा बघून द्या!" आमच्या साखरखेर्ड्यात मी हे केलं आणि थक्क झालो.

आईला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, जोडीला कॅल्शियम. डॉक्टर चिखलीला. आज एक गोळी संपली, चार दिवसांनी दुसरी. मेडिकल म्हणजे चिठ्ठी दाखवायची, पैसे द्यायचे, निघायचं, एवढाच आमचा व्यवहार. त्या दिवशी काउंटरवर गर्दी नव्हती. फार्मासिस्टनं आईला सहज विचारलं, "काकू, थायरॉईडची गोळी कशी घेता?"

"सकाळी चहासंग. बाकीच्या गोळ्याबी तवाच."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सगळी औषधं मागवून घेतली. मग जे सुरू झालं ते मी ऐकतच राहिलो! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी, कारण ते पोटात असलं की थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही. गुडघे दुखले की आई मनानं घ्यायची त्या वेदनाशामक गोळीनं रक्तदाब वाढू शकतो, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इतकं मोलाचं ज्ञान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं!

आणि खरी कमाल पुढेच. रक्तदाबाची पट्टी १५ गोळ्यांची, कोलेस्टेरॉलची १० ची. म्हणूनच त्या कधी एकत्र संपत नव्हत्या! घरात उरलेल्या गोळ्या मोजून त्यांनी तेवढ्या कमी दिल्या आणि पुढचा हिशेब ३० दिवसांचा बांधला: एकीच्या दोन पट्ट्या, दुसरीच्या तीन. थायरॉईडची बाटली जास्त दिवस पुरते, तिची संपायची तारीख झाकणावर लिहिली. महिना सरला आणि आईच्या सगळ्या पट्ट्या खरोखर एकाच दिवशी संपल्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

चिठ्ठीचंही त्यांनी समजावलं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडून औषध किती महिने पुन्हा द्यायचं ते चिठ्ठीवरच लिहून घ्या, म्हणाले. घरी येऊन मी नियम शोधून वाचले. औषधे नियम, १९४५ मधला नियम ६५ हेच सांगतो: डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल, तर चिठ्ठीवरची औषधं एकदाच द्यायची, किती वेळा किंवा किती अंतरानं हे लिहिलं असेल, तर त्याप्रमाणेच. दर वेळी दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. म्हणजे डॉक्टरांची एक ओळ हाती असली की पुढचे महिने नियमात बसून गावातच निभावतात!

२०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स वाचले तेव्हा तर मी खुर्चीतून उठलोच. औषध कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, गंभीर दुष्परिणाम कोणते, एखादी मात्रा चुकली तर काय करायचं, संपलेलं औषध पुन्हा कधी आणायचं, हे सगळं रुग्णाला समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामातच धरलेलं आहे. आपण विचारतो तेव्हा उपकार मागत नाही, आपल्या हक्काचं मागतो.

गोळी बदलायची किंवा डोस कमी-जास्त करायचा, तर मात्र आमचे फार्मासिस्ट ठाम: "ते डॉक्टरच ठरवतील." या ठामपणामुळे माझा विश्वास आणखी वाढला. जाणतं माणूस आपली हद्दही जाणतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधं नेणाऱ्यांनीही तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना असंच विचारावं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. बरं वाटलं म्हणून त्या थांबवायच्या नसतात आणि संपल्या म्हणून खंडही पडू द्यायचा नसतो.

तेव्हा उशीर करू नका. बाजाराची गर्दी टाळून, दुपारच्या निवांत वेळी जा. जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा सोबत न्या, आणि संकोच न करता विचारा!