पुन्हा नाक्सोस

सप्टेंबरच्या बोटीची तिकिटं काढली आणि जिवाला बरं वाटलं. म्युनिकहून अथेन्सपर्यंत विमान, पुढे पिरेअस बंदरातून सकाळची मोठी बोट. वाटेत पारोस घेत साधारण पाच-साडेपाच तासांत ती नाक्सोसला लागते. जुलै-ऑगस्टात जायचं आम्ही सोडून दिलंय. त्या दिवसांत एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. ऊन लख्ख, आकाश निरभ्र, आणि वाळू मात्र पोटऱ्यांना सुयांसारखी टोचत असते. जोर वाढला की बोटीसुद्धा रद्द होतात. सप्टेंबरात वारा नरमतो. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं.

जवळच सांतोरिनी असताना नाक्सोसच का, असं ओळखीचे विचारतात. सांतोरिनी देखणं आहे, एकदा जरूर पाहावं. पण ते पाहुण्यांसाठीच उठतं आणि पाहुण्यांसाठीच झोपतं. नाक्सोसला स्वतःची कामं आहेत. सायक्लेडीजमधलं हे सगळ्यात मोठं बेट. डोंगर आहेत, म्हणून पाणी आहे आणि पाण्यामुळे शेती. इथला बटाटा ग्रीसभर नावानिशी विकला जातो. तावेर्नात बसलं की मी आधी तोच मागवते: जाडसर कापून तळलेला, वर किसलेलं ग्राविएरा. हे चीज मुख्यतः गाईच्या दुधाचं, घट्ट, चवीला किंचित गोडसर. मासे नंतर येतात, आणि खरं सांगायचं तर नाही आले तरी चालतं.

बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला पोर्तारा दिसतो. इसवी सनापूर्वी 530च्या सुमारास लिग्दामिस या सत्ताधीशाच्या काळात इथं देऊळ बांधायला घेतलं. त्याची सत्ता गेली, काम थांबलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथले दगड गावातल्या किल्ल्यासाठी नेले. सहा मीटर उंचीची संगमरवरी चौकट तेवढी उरली. संध्याकाळी सगळं गाव तिथं फोटो काढायला लोटतं, म्हणून आम्ही सकाळी जातो.

मला त्याहून आवडतो तो उत्तरेकडच्या अपोलोनासचा कुरोस. प्राचीन खाणीत साडेदहा मीटरहून लांब पुतळा अर्धवट कोरलेला, उताणा पडून आहे. दाढी ओळखू येते, चेहरा नाही. खाणीतून तो कधी हललाच नाही. जवळ उभं राहिलं की अंगावर छिन्नीचे घाव दिसतात.

खाल्की गावात 1896 सालची भट्टी आहे. तिथं महाळुंगाच्या पानांपासून कित्रोन गाळतात. हिरवं गोड आणि सौम्य, पिवळं कडक. आपल्याकडे महाळुंग कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं, त्यामुळे पहिल्या घोटाला मी मनातल्या मनात तिची माफी मागते. दुसऱ्याला नाही.

या खेपेला झास चढायचाय. उंची हजार मीटरच्या जरा वर, पण सायक्लेडीजमधलं सर्वांत उंच शिखर तेच. नवऱ्याचा बेत प्लाकाच्या वाळूत लोळण्यापलीकडे जात नाही. मी त्याला म्हटलंय, फिलोतीच्या वरच्या आरियाच्या झऱ्यापर्यंत तरी चल, पुढे गुहेपाशी कंटाळलास तर फीर मागे. गुहेपासून मी त्याला मागे फिरू देणार नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. तरी परवा त्यानं गुपचूप नवे बूट मागवले.