नाशिकची एक फेरी आणि कोनाड्यातली बाटली

पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर सकाळची एस.टी. मिळाली, की ओझर आणि आडगाव मागे टाकीत तासाभरात माणूस पंचवटीत निमाणीला उतरतो. आमच्या निफाड भागातल्या माणसाला नाशिक म्हणजे कोर्ट, दवाखाना आणि गंगेचे स्नान. या तिन्ही कामांसाठी आजवर किती खेपा घातल्या असतील, त्याचा हिशेब नाही. पण २०२५ च्या दिवाळीनंतर जी खेप घडली ती निराळीच. बरोबर माझी भाची होती. ती परिचारिका आहे. एखादे दिवशी विषारी वायू सुटला, अनोळखी रोगाची साथ आली किंवा एकदम शेपाचशे माणसे दवाखान्याच्या दारात आली तर काय करायचे, याचे तिने खास शिक्षण घेतले आहे. "मामा, तुम्ही नाशिक पाहिलंय. आज माझं नाशिक पाहा," असे म्हणून तिने मला आधी रामकुंडावर नेले.

गंगेवर सकाळची गर्दी होती. अस्थी घेऊन आलेले लोक, न्हाव्यापुढे बसलेली पोरे, भाजीवाल्या. भाचीने बोट दाखविले ते दुतोंड्या मारुतीकडे. हा मारुती म्हणजे नाशिककरांचा पूर मोजण्याचा माप-दगड. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कंबरेला लागले, छातीला लागले, की कोणत्या पेठेतल्या दुकानदाराने माल उचलायचा हे कोणाला सांगावे लागत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरातही लोक आधी मारुतीकडेच पाहत होते. "आमच्या सगळ्या शिक्षणाचं सार हेच आहे," ती म्हणाली. "संकट कुठवर आलंय ते अडाण्यालाही दिसलं पाहिजे, आणि मग काय करायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. पुराला मारुती आहे. विषाला नाही."

तिथून आम्ही काळाराम मंदिराच्या अंगाने बोळांतून फिरलो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी याच भागात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. तिथे वायू नव्हता की रोग नव्हता. अरुंद उतार आणि मागून रेटणारी गर्दी, एवढेच कारण पुरले. २०१५ च्या सिंहस्थात येण्याजाण्याच्या वाटा अलग केल्या, बाहेर वाहनतळ केले, आणि तसा प्रसंग पुन्हा आला नाही. आम्ही गेलो तेव्हा २०२७ च्या पर्वण्यांची तयारी सुरू झाली होती. भाचीच्या डोक्यात मात्र गर्दीपेक्षा पाणी होते. यात्रा आणि पटकी यांचे नाते जुने आहे. गावच्या विहिरीत आपण टीसीएल पावडर टाकतो, तिचा जोर असतो क्लोरीनचा. तोच क्लोरीन वायू १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी नळकांड्यांतून सोडला आणि खंदकातले सैनिक गुदमरून मेले. एकच वस्तू, चमचाभर विहिरीत टाकली तर पोरे वाचतात. शहरांच्या पाणीपुरवठ्याला जिथे क्लोरीनच्या टाक्या लागतात, तिथे वारा कोणत्या दिशेला आहे हे पाहायची सवय लागते, असे ती म्हणाली. वायू सुटला तर वाऱ्याला आडवे आणि उंचावर जायचे, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी साचतो.

रिक्षाने द्वारकेकडे निघालो तेव्हा ती जरा गप्प झाली. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयासमोर रिक्षा थांबविली नाही, नुसती हळू केली. २१ एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट. टाकीत प्राणवायू भरताना गळती झाली, आवारात पांढरे धुके पसरले, आतल्या रुग्णांचा दाब कमी झाला. त्या एका दिवशी २२ रुग्ण गेले. प्राणवायू हे काही विष नव्हे. तरी नळी एका जागी फुटली आणि दुसरी वाट तयार नव्हती, म्हणजे काय होते ते नाशिकने पाहिले आहे. त्यावर आणखी लिहावेसे वाटत नाही. ज्यांच्या घरातले माणूस त्या खाटेवर होते, ती घरे आमच्याच तालुक्यांतली आहेत.

दिंडोरी रस्त्याला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेले. राज्यातल्या वैद्यकीय पदव्या इथून निघतात. आवार मोठे आणि शांत. भाचीने तिथे मला एक गोष्ट सांगितली, तिचे मला फार नवल वाटले. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी नाशिकमध्ये देशातल्या पहिल्या फिरत्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. एका मोठ्या मोटारीत बसविलेली प्रयोगशाळा. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि धोकादायक जंतूंची तपासणी साथीच्या गावीच करता येते. पुढच्याच वर्षी केरळात कोझिकोडला निपाह रोग आला तेव्हा ही मोटार तिकडे गेली. पूर्वी नमुना गावातून पुण्याला पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात मामल्याला प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेहून लोक गाड्या भरभरून पळाले, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना लवकर मिळालेल्या उत्तराची किंमत सांगावी लागणार नाही. अफवा रोगापेक्षा आधी पोचते.

दुपारी एका हॉटेलात मिसळ खाल्ली. (नाशिकची मिसळ तिखट असते म्हणतात, आमच्या गावच्या बाजाराची त्याहून तिखट.) तिथे तिने एकदम विचारले, "मामा, त्र्याण्णव साली धाकट्या मामांना दवाखान्यात कसं आणलंत?"

वाचकहो, ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. १९९३ च्या नोव्हेंबरात माझा धाकटा भाऊ बागेत उडद्यासाठी फवारणी करीत होता. पाठीवरचा पंप गळका, अंगात बनियन, वारा तोंडावर. दहाच्या सुमारास तो बांधावर येऊन बसला, तोंडातून लाळ, अंगभर घाम. उलटी झाली. आम्हांला वाटले पित्त. वहिनीने दूध पाजले. मग जीपमध्ये घातला, त्याच भिजल्या कपड्यांनिशी, आणि मी त्याचे डोके मांडीवर धरले. वाटेतल्या एका डॉक्टरने अन्नबाधा म्हणून सलाईन लावून तासभर ठेवून घेतले. नाशिकला पोचलो तेव्हा तो घरघर करीत होता. तिथल्या डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. त्यांनी एकच विचारले, "कोणतं औषध?" कोणालाच सांगता येईना. बाटली घरी, स्वैपाकघराच्या कोनाड्यात. भाऊ अकरा दिवसांनी घरी आला. त्या रात्री माझेही डोके गरगरत होते आणि दृष्टी धूसर झाली होती, ती जाग्रणाने असे मी समजत होतो.

"जाग्रणानं नव्हे," भाची म्हणाली. "मांडीवरच्या त्या कपड्यांनी."

मग तिने सांगितले ते असे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीवर औषध शोधत होता. त्याच्या हाताला लागले ते टॅब्यून, आणि दोन वर्षांनी सॅरिन. दोन्ही लष्कराने उचलली. त्याच कुळातली सौम्य भावंडे पुढे शेतात आली: पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस. युद्धातले विष आणि आपल्या पंपातले विष शरीरात एकाच जागी घाव घालतात. मज्जातंतूंचा निरोप थांबविणारा जो पदार्थ त्यांच्या टोकांशी असतो, त्यालाच ती बांधून टाकतात. म्हणून लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, छातीत पाणी होते. उताराही दोन्हींवर एकच, ॲट्रोपिन आणि पॅम. ॲट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असते. म्हणून कोणी धोतरा वाटून पाजण्याचा शहाणपणा करू नये, तो दुसरा विषप्रयोग होईल. ॲट्रोपिन शिरेतून, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि ते डॉक्टरचेच काम.

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सॅरिन सोडले. एकाच रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसे आली. कपडे न काढता आत घेतल्यामुळे त्यांच्या अंगावरच्या वाफेने डॉक्टर-परिचारिकांनाच त्रास झाला. आमच्या जीपमध्ये झाले तेच, पण जगातल्या एका पुढारलेल्या शहरात. पॅम कमी पडले तेव्हा दुसऱ्या गावांच्या दवाखान्यांतून गोळा करून वेगवान आगगाडीने आणले. शेतीच्या विषबाधेवरचेच ते औषध.

आपल्याकडचे दाखलेही कमी नाहीत. १९५८ साली केरळात जहाजावर धान्याशेजारी पॅराथिऑन सांडले आणि त्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला सुटला तो वायूही कीटकनाशकाच्याच कारखान्यातला, आणि डॉक्टरांना तो कोणता हे वेळेवर कळले नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. दर वेळी पहिला प्रश्न एकच असतो, कोणते औषध?

मला इथे एक तक्रार मांडावीशी वाटते. युरोपात जाणाऱ्या आमच्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यात अंशाचा अंश मोजतात. २०१० साली एका संजीवकाच्या अंशापायी नाशिकची द्राक्षे तिकडे अडकली, तेव्हा सारा जिल्हा हलला. मोजायलाच हवे. पण ज्याने हंगामभर फवारले त्याच्या रक्ताची तपासणी कोण करतो? कोलिनएस्टरेज नावाची ती तपासणी आहे. विषाने शरीर किती पोखरले ते माणूस पडण्याआधी तीत दिसते. घडाला जो मान आहे तो फवारणाऱ्याला नाही.

संध्याकाळी भाची माझ्याबरोबर गावी आली. बाग छाटून महिना झालेला, पोंगे फुटून कोवळी पाने आलेली, केवड्याच्या भीतीने शेजारी ब्लोअर फिरत होता. तिने भावाला बांधावर बसवून सगळ्या बाटल्या मागविल्या. बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. आत घडी घातलेला कागद असतो, त्यावर उताऱ्याचे नाव छापलेले असते. तो कागद आम्ही आजवर चूल पेटवायला वापरला.

"कोणी पडलं तर?" भावाने विचारले.

"आधी तुमच्या हातांत प्लास्टिकच्या पिशव्या. मग त्याला मोकळ्या हवेत आणा. कपडे डोक्यावरून ओढू नका, कात्रीनं कापा. साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा, केसही. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजायचं नाही, उलटी करवायची नाही. डाव्या कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली बरोबर द्या."

"बाटली सांडली, फुटली तर?"

"तर मोबाइलवर लेबलाचा फोटो आधीच काढून ठेवा."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, कोनाड्यातल्या चार बाटल्या पदराने न धरता फडक्यात धरून तिने बाहेर आणल्या आणि गोठ्यामागच्या जुन्या लोखंडी पेटीत ठेवल्या. कुलूप लावले. किल्ली कुठे ठेवायची यावर दोघांचे जरा वाजले. शेवटी ती वहिनीच्याच कंबरेला गेली. कोनाड्यात आता हळदीचा डबा आहे.