रात्री दोनचा बॅकअप

बॅकअपबद्दल कुठल्याही वेबसाइटच्या मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं असतं : "होस्टिंगवाले घेतात की!" ते नेमकं काय घेतात, कधी घेतात आणि परत द्यायला किती वेळ लावतात, एवढं विचारलं की गप्पा थंडावतात. मी पुण्यात छोट्या व्यावसायिकांच्या साइट सांभाळतो. त्यांतली एक पेठेतल्या एका प्रकाशकांची. एरवी तिच्यावर तुरळक पुस्तकविक्री चालते. पण गणपती उठले की दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी सुरू होते आणि मग दिवाळीपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मालकांना कार्यालयात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही.

माझ्याकडे काम आलं तेव्हा रोज रात्री दोन वाजता अख्ख्या साइटची एक झिप तयार होत होती आणि त्याच सर्व्हरवर पडत होती. आकार साधारण १८ जीबी. त्यात डेटाबेस ४०० एमबीसुद्धा नव्हता. बाकी सगळी मुखपृष्ठं, नमुना पानांच्या पीडीएफ आणि लेखकांचे फोटो. म्हणजे जे महिनोन्महिने बदलत नाही त्याची रोज नवी प्रत, आणि जे मिनिटागणिक बदलतं त्याची चोवीस तासांत एकच. शिवाय प्रत मूळ मालाशेजारीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच इमारतीत होते. साइट गेली, बॅकअपही गेला.

अण्णांपुढे मी बॅकअपचे प्रकार मांडत बसलो नाही. एवढंच विचारलं, "ऑक्टोबरात संध्याकाळी सातला साइट बसली आणि दिवसभराच्या ऑर्डरी गेल्या, तर चालेल?"

"पैसे तर जमा झालेले असतील ना?"

"पैसे आले. पण कुणी कुठले अंक मागवले? पाठवायचे कुठे?"

पेमेंट गेटवेकडे रक्कम असते, फोन नंबर असतो. पण संचात कुठले अंक होते, पार्सल साताऱ्याला जायचं की सॅन होजेला, हे फक्त आमच्या डेटाबेसमध्ये. पार्सलांचं काम बघणाऱ्या ताई मध्येच म्हणाल्या, "एकेकाला फोन लावत बसावं लागेल, अण्णा." अण्णांनी क्षणभर विचार केला. "पाच-दहा मिनिटांच्या ऑर्डरी गेल्या तर निस्तरू. त्याहून जास्त नको. साइट दोन-तीन तास बंद राहिली तरी हरकत नाही, घेणारा उद्या येतो. पण पैसे भरून ऑर्डर हरवली तर तो चारचौघांत आपली अब्रू काढतो."

माझं काम तिथेच अर्धं झालं होतं. किती नुकसान सोसेल आणि किती वेळ बंद चालेल, हे दोन आकडे मालकाने द्यायचे असतात. आम्ही तंत्रवाले बहुधा उलट्या टोकाला सुरुवात करतो : कुठलं प्लगइन, कुठलं क्लाउड, किती स्वस्तात.

फाइलींचं लवकर ठरलं. रविवारी पूर्ण प्रत, रोज रात्री फक्त बदललेल्या फाइली, आणि हे सगळं दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या जागेवर. 'फक्त बदललेल्या' म्हणण्यातही दोन जाती आहेत. इन्क्रिमेंटल म्हणजे कालच्या बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. डिफरन्शियल म्हणजे रविवारपासून जे जे बदललं ते सगळं. गुरुवारी साइट कोसळली तर डिफरन्शियलमध्ये रविवार आणि बुधवार, अशा दोनच प्रती लागतात. इन्क्रिमेंटलमध्ये रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशी सगळी साखळी लागते, आणि मंगळवारची कडी गंजलेली निघाली तर बुधवारची हातात असूनही पुरी पडत नाही. रोजचे बदल थोडे, जागाही मुबलक. मी डिफरन्शियल निवडलं. शेकडो जीबींची साइट असती तर कदाचित निवडलं नसतं.

डेटाबेसचं गणित वेगळं. रोज रात्री त्याचा पूर्ण डम्प घ्यायला काही मिनिटं पुरतात. लहान डेटाबेसला इन्क्रिमेंटलची उठाठेव कशाला? तो घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावला की विक्री चालू असतानाही एकाच क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. मात्र हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतं. एका जुन्या प्लगइनची टेबलं मायआयसॅममध्ये होती, ती आधी बदलून घेतली. डम्प आधी, फाइली नंतर हा क्रमही मुद्दाम ठेवला. फाइलींत एखादा फोटो जास्तीचा आला तर बिघडत नाही. डेटाबेसमध्ये ज्याची नोंद आहे तो फोटोच प्रतीत नसला तर पानावर भोक पडतं.

अण्णांची 'पाच-दहा मिनिटं' मात्र रात्रीच्या डम्पने सांभाळली जाणार नव्हती. त्यासाठी बायनरी लॉग, म्हणजे मायएसक्यूएलमध्ये होणाऱ्या प्रत्येक बदलाची क्रमाने होणारी नोंद. रात्रीचा डम्प चढवायचा आणि त्यापुढच्या नोंदी हव्या त्या क्षणापर्यंत पुन्हा चालवायच्या. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर हा लॉग आमच्या हाती येत नव्हता, म्हणून साइट व्हीपीएसवर हलवली आणि लॉग सतत दुसऱ्या मशीनवर उतरेल असं केलं. खर्च वाढला. अण्णांनी बिलाकडे दोनदा पाहिलं, बोलले काही नाहीत.

हलवण्याआधी जुनी एक झिप वेगळ्या मशीनवर उतरवून पाहिली. फाइल उघडली, आकार बरोबर, इंग्रजी मजकूर जिथल्या तिथे. पण पुस्तकांची नावं, लेखकांची नावं, ग्राहकांचे पत्ते, जे जे देवनागरीत होतं तिथे ओळीने प्रश्नचिन्हं. जुन्या स्क्रिप्टमध्ये डम्प लॅटिन-१ या अक्षरसंचात काढायची सूचना होती. त्यात देवनागरीला जागाच नाही. एकदा अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं की ते पुन्हा अक्षर होत नाही. ही मंडळी कित्येक दिवाळ्या प्रश्नचिन्हं जपून ठेवत होती! मोठ्यांकडेही हे होतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, तेव्हा रोजचे डम्प आवृत्ती जुळत नसल्याने बनतच नव्हते असं कळलं, आणि त्याची सूचना देणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने त्यांना तारलं.

आमच्यावर वेळ आली ती ऐन हंगामात. कार्यालयातल्या एका मुलाला चाचणीच्या ऑर्डरी काढून टाकायच्या होत्या; यादीवरची चाळणी निसटली आणि दोन दिवसांच्या खऱ्या ऑर्डरी कायमच्या पुसल्या गेल्या. संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटं. ताईंचा फोन आला तेव्हा साइट धडधाकट चालू होती, नव्या ऑर्डरीही येत होत्या. म्हणजे अख्खा सर्व्हर मागे नेणारा स्नॅपशॉट बाद. तो लावला असता तर पुसलेलं परत आलं असतं आणि नंतरचं गेलं असतं. जुळा सर्व्हरही कामाचा नव्हता, कारण तो मूळ सर्व्हरची नक्कल करतो, पुसण्याचीसुद्धा.

बाजूच्या मशीनवर रात्रीचा डम्प चढवला. लॉगमधल्या कुठल्या जागेपासून पुढे जायचं, हे डम्पच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं होतं. थांबायचं कुठे, हे शोधायचं होतं. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणून १९:१२ला नव्हे, १३:४२ला बघायचं. आणि वेळ सांगून थांबण्यातही धोका : त्याच सेकंदाला एक ऑर्डर आली होती. त्यामुळे पुसण्याच्या नोंदीचा नेमका क्रमांक काढला आणि तिच्या आधी थांबलो. तिथून फक्त गेलेल्या ऑर्डरींच्या ओळी उचलून चालू डेटाबेसमध्ये घातल्या. ऑर्डर क्रमांक पुढे सरकलेले, मागचे मोकळेच होते, त्यामुळे प्रत्येक ऑर्डर आपल्याच क्रमांकावर बसली. ताईंनी गेटवेची यादी समोर धरून रकमा ताडून पाहिल्या. एकही कमी नव्हती. जेवायला उशीर झाला एवढंच.

आता वाद उरलाय तो प्रती किती दिवस ठेवायच्या याचा. माझं म्हणणं, तीन महिने पुरे. त्यात हजारो वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, कूटबद्ध केले तरी ते लोकांचे आहेत. अण्णांना काहीच टाकवत नाही. कपाटभर जुन्या अंकांकडे हात करून म्हणतात, "हे तरी मी कुठे टाकले?" सध्या हिशेबतपासणी झाल्यावरची वर्षाची एक प्रत राहते, बाकीच्या जातात. अण्णांना हे पटलेलं नाही.