काचेचे कौल

बेळगावातील शहापूरचे आमचे घर विकावे की ठेवावे, या प्रश्नाने दोन वर्षे माझी झोप घालविली होती. तिथे राहणाऱ्या धाकट्या भावाने सह्यांसाठी कागद पाठविले होते आणि मी ते पुण्याला कपाटात कुलूपबंद करून ठेविले होते. वडिलांची वास्तू विकायला याचा हात धजतो तरी कसा, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवीत असे. अशा मनःस्थितीत २०१९ च्या जुलैत मी मंगोलियाच्या प्रवासास निघाले. वाळवंट पाहण्याची हौस जुनी होती हे खरे. पण त्या कपाटापासून काही दिवस दूर जावे, हा अंतःस्थ हेतूही होताच.

उलानबातरपासून दक्षिणेस दालनझदगाद सुमारे ५५० किलोमीटर. तिथपर्यंत डांबरी सडक आहे; पुढे वाट म्हणजे आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या. आम्ही पाच प्रवासी, राजधानीतील एक तरुण वाटाडी मुलगी आणि पन्नाशीचा एक अबोल चालक. मुलगी मला ‘एग्च’ म्हणे. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसे म्हणतात. गोबी म्हणजे वाळूचा समुद्र, हा माझा समज पहिल्याच दिवशी गळून पडला. ही भूमी बहुतांशी खडीची. मधून मधून विरळ गवत, रानकांद्याचा उग्र वास आणि दूरवर दोन वशिंडांचे उंट. खोंगोरिन एल्ससारख्या ठिकाणी मात्र वाळूचे खरोखरचे डोंगर आहेत, आणि ती वाळू घसरू लागली की घुमते. एखाद्या खिंडीत दगडांची रास आली की चालक गाडी थांबवी, तिला तीन प्रदक्षिणा घाली आणि एक दगड वर ठेवी. प्रदक्षिणा कोणत्या अंगाने घालायची, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

एका दुपारी आम्ही एका पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये उतरलो. गेर म्हणजे लाकडी जाळीच्या भिंतींवर बुरणुसाचे आच्छादन घातलेले गोल घर. दार दक्षिणेला, मध्यभागी चूल, उत्तरेला मानाची जागा. उंबरठ्यावर पाय देऊ नका, अशी ताकीद मिळाली तेव्हा आजीच बोलल्याचा भास झाला. यजमानीणबाईंनी मीठ घातलेला दुधाचा चहा दिला, वाळविलेल्या दह्याच्या घट्ट वड्या पुढे केल्या. छताच्या मध्यावर ‘तोनो’ नावाचे लाकडी चक्र असते. त्यातून उन्हाचा कवडसा आत उतरतो. बोलता बोलता बाईंनी त्या कवडशाकडे एकवार पाहिले आणि शेळ्या दोहायची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

मी मात्र जागची हलू शकले नाही. शहापूरच्या आमच्या माजघरावर काचेचे एक कौल आहे. त्यातून पडणारा कवडसा जात्यापाशी पोहोचला की आजी भाताचे आधण ठेवी. तिने घड्याळ कधी पाहिले नाही.

बाहेर आल्यावर मी भारावून मुलीला म्हणाले, “किती मोकळी माणसे तुम्ही! तासाभरात घर उतरवायचे आणि चालू लागायचे. वास्तूचा पाश म्हणून नाही.” तिने ते चालकाला सांगितले. तो काही बोलला नाही.

त्या रात्री आकाशात गुरू आणि शनी दोन्ही तळपत होते. मी त्यांची नावे विचारली. चालक म्हणाला, “बारखासबाद, सांचिर.” बृहस्पती आणि शनैश्चर! बौद्ध धर्माबरोबर आपले ग्रह इतक्या दूरवर येऊन राहिले होते. त्या नावांनी की काय, तो मोकळा झाला आणि मुलीच्या मुखाने बोलू लागला. उन्हाळ्यात गवत खुरटावे आणि हिवाळ्यात उरल्यासुरल्या गवतावर बर्फाचा कठीण थर बसावा, म्हणजे जनावरे उपासाने व थंडीने उभी मरतात. या संकटाला ‘झूद’ म्हणतात. २००९-१० च्या झूदमध्ये देशातील ८० लाखांहून अधिक जनावरे गेली. त्यांत याचा कळपही गेला. तो गेर घेऊन राजधानीच्या कडेला आला. गेर तेच आहे, पण भोवती फळ्यांचे कुंपण आहे आणि नऊ वर्षांत ते एकदाही हललेले नाही. शेवटी तो म्हणाला, “पाहुण्याला घर दिसते, जनावरे दिसत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी बायानझागचे तांबडे कडे पाहिले. रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकन मोहिमेला १९२३ मध्ये येथे डायनोसॉरची अंडी सापडली. एका घरट्यापाशी एका वेगळ्याच प्राण्याचा सांगाडा होता. तो अंडी चोरायलाच आला असणार, असे मानून १९२४ मध्ये त्याला ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर, असे नाव मिळाले. पुढे १९९३ मध्ये गोबीतच तशाच एका अंड्यात या प्राण्याच्या कुळातले पिल्लू आढळले. अंडी त्याचीच होती! सत्तर वर्षे जो चोर ठरला होता, तो आपल्याच घरट्यापाशी मेला होता. नाव मात्र आजही तेच आहे.

कड्याच्या टोकाशी उभी असताना मला भाऊ आठवला. दर वैशाखात शिडी लावून कौले परतणारा तो. वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री जागविणारा तो. मी दिवाळीला जात असे. जाते, कौल, कवडसा डोळे भरून पाहत असे आणि परतत असे. आता त्याचे गुडघे शिडी चढू देत नाहीत, हे त्याने दोनदा पत्रात लिहिले होते. मी ते विक्रीचे निमित्त समजले होते.

परतल्यावर मी कागदांवर सही केली. दुःख झाले नाही असे नाही. भावाला लिहिले, “तुला जे नाव ठेविले होते, ते मागे घेते. एवढे काचेचे कौल मात्र मला दे.”

तो ते स्वतः घेऊन आला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. माझ्या सदनिकेला कौलारू छप्पर नाही. म्हणून ते खिडकीत टेकवून ठेविले आहे. सकाळी त्यातून थोडे ऊन जमिनीवर उतरते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मंगोलियात पुन्हा झूद येऊन ७० लाखांहून अधिक जनावरे मेल्याची बातमी वाचली, तेव्हा मी त्या उन्हाकडे पाहत बसले होते. शेळ्या दोहायला उठलेल्या त्या बाईंच्या दारी आता काही उरले असेल का, हे त्या कवडशाला विचारून कळणारे नव्हते.