नॉर्मंडीला खिडक्या आहेत

नोकरी गेली त्या आठवड्यात मी ‘मास इफेक्ट’ पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला. बायोवेअरचा हा गेम २००७ सालचा. त्यातलं ‘नॉर्मंडी’ हे जहाज मला कॉलेजपासून आवडतं.

गोष्ट २१८३ सालातली. माणसं आणि ट्यूरियन, एकेकाळचे शत्रू, मिळून हे जहाज बांधतात. पहिला कप्तान अँडरसन, मग कमांडर शेपर्ड. जहाजाची खासियत म्हणजे ते लपू शकतं.

अवकाशात लपायचं म्हणजे उष्णता लपवायची. बाहेर उणे २७० सेल्सिअस. इंजिन चालू असलेलं, आत माणसं असलेलं कुठलंही जहाज इन्फ्रारेडमध्ये दिव्यासारखं दिसणार. नॉर्मंडी आपली उष्णता बाहेर सोडतच नाही, पोटातल्या हीट सिंकमध्ये साठवत राहतं. सेन्सरवर काहीच दिसत नाही. पण हे कायम चालत नाही. साठलेली उष्णता वेळेत बाहेर टाकली नाही, तर आतली माणसं शिजतील.

मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. ताईचं लग्न ठरलं होतं आणि हॉलचे अर्धे पैसे मी देणार होतो. रोज रात्री नऊला बाबांचा फोन यायचा. “ऑफिस?” “चालू आहे. जरा लोड आहे.” असे अकरा आठवडे.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच नॉर्मंडी संपतं. एक अनोळखी जहाज वळून थेट त्याच्याकडे येतं. स्टेल्थ चालू आहे, आपण दिसणं शक्यच नाही, असं प्रेसली म्हणत राहतो आणि तिथेच मरतो. ठिसूळ हाडांचा पायलट जोकर खुर्ची सोडायला तयार नसतो. त्याला पॉडमध्ये ढकलताना माझी शेपर्ड मागे राहते. पुढे एका मोहिमेत अल्केरा ग्रहावरच्या बर्फात जहाजाचे अवशेष सापडतात. तिथे शत्रू नाही, गोळीबार नाही. मेलेल्यांचे वीस बिल्ले शोधायचे, बस्स. रात्री दोन वाजता मी ते वेचत बसलो होतो.

नव्या नॉर्मंडीवरचा एक विनोद फॅन लोकांना पाठ आहे. गेथ या यंत्रांच्या तळावर लपून जायचं असतं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं तर? त्यावर सोबतचा गेथ सांगतो, खिडकी म्हणजे बांधणीतली कमकुवत जागा, आम्ही ठेवत नाही.

आमच्या साताऱ्याच्या घराला खिडक्या आहेत, हे मी विसरलो होतो.

शनिवारी घरी गेलो. जेवताना आई बघत होती. ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली, “नोकरी गेली ना?”

“कोणी सांगितलं?”

“एरवी जेवताना दहा वेळा फोन बघतोस. आज एकदाही बघितला नाहीस.”

मग सगळंच बाहेर आलं. बाबा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “हॉलवाल्याला ॲडव्हान्स दिलेला नाही अजून. लहान बघू.” हात धुवायला उठले, दारात थांबले. “पण अकरा आठवडे?”

त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.